टोकियोतली ‘बायकिंगु’ पंगत

जपानमध्ये बुफे शोधताय? मग ‘बायकिंगु’ची पाटी बघा. ‘व्हायकिंग’चाच हा जपानी उच्चार! टोकियोच्या इम्पीरिअल हॉटेलचे प्रमुख तेत्सुझो इनुमारू यांनी डेन्मार्कमध्ये ‘स्मॉर्गसबोर्ड’ पाहिलं आणि १९५८ मध्ये जपानमधलं पहिलं बुफे रेस्तराँ उघडलं. नाव सुचलं त्याच वर्षीच्या ‘द व्हायकिंग्ज’ या हॉलिवूडपटावरून. पुढे अख्खा जपान बुफेलाच बायकिंगु म्हणू लागला.

मी गेले ते शिंजुकूतल्या एका हॉटेलात. सुशी, टेम्पुरा, पास्ता, पिझ्झा, चक्क करी-भातसुद्धा! वेळ फक्त ९० मिनिटं. आपलं डोकं लगेच येनचे रुपये करून ‘पैसे वसूल’ मोडमध्ये जातं. पण आजूबाजूला बघा. छोटी प्लेट, दोन-चार घास, प्लेट साफ, मगच पुढची फेरी. अन्न वाया गेलं की जपानी माणूस हळहळतो, ‘मोत्ताइनाई!’ आपल्या आजीचं ‘पानात टाकायचं नाही’ आठवलं ना? पंगतीत निदान आग्रहाला दोष देता येतो. इथे वाढपीही आपणच.

म्हणून टिप एकच: आधी रिकाम्या हाताने चक्कर मारा, मग प्लेट उचला. मी तिसऱ्या फेरीला थांबले. माचा आइस्क्रीम मात्र दोनदा, तेही चाटूनपुसून!