पाऊस कुठे मोजला, किती तासांचा?

"मुंबईत आज इतका पाऊस" असा मेसेज आला की मी परळकर आधी विचारतो, कुठे मोजला? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला ७५ च्याही आत. नुसता कुलाबा धरला तर त्या दिवशी काही घडलंच नाही!

दुसरा प्रश्न, किती तासांचा? हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. १०० मिमी तासाभरात पडो की दिवसभर रिपरिप, बेरीज तीच. पण हिंदमाताला पाणी तुंबतं ते त्या एका तासामुळे. जुनी गटारं ताशी २५ मिमीच्या हिशोबाची, तीही ओहोटी असताना.

म्हणून पंपांचा, नाल्यांचा हिशोब मांडताना आमच्या वॉर्डाचा, तासातासाचा पाऊस आणि भरतीची वेळ धरा. शहराच्या सरासरीवर आमचे तळमजले सोडू नका.