महानगर, लखनौ, रात्रीचे अकरा

मे महिना. गोल मार्केटची वर्दळ विरली, तरी बॉनेटवर हात ठेववत नाही. दुपारी डायनोवर घेतलेल्या नोंदी पुन्हा चाळतोय.

टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि लखनौच्या उन्हाळ्यात इंटरकूलरमधूनही ती गरमच बाहेर पडते. मग ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपोआप पेट घेतं. तो खणखणाट, म्हणजे नॉक, मी गेल्या उन्हाळ्यात ऐकला आणि तरीही थांबलो नाही. पिस्टन गेला. अजून टेबलावर आहे. वितळलेली कड बोटाला लागते.

जानेवारीच्या धुक्यात बसवलेलं टायमिंग मेमध्ये चालत नाही. आज टायमिंगच्या तक्त्यातल्या जास्त दाबाच्या रकान्यांत ठिणगी दोन अंश उशिरा आणली, इंधन थोडं वाढवलं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा पटच. इथेनॉल सिलिंडर थंड ठेवतं, नॉकही लांबवतं, पण इंजेक्टरकडून जास्त मागतं. म्हणून मी लॅम्डा, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या तुलनेत मिळालेली हवा, बघतो: पूर्ण दाबाला ०.८च्या आसपास.

बाबा पुण्यात रविवारी चेतक स्कूटरचे पॉइंट लावायचे. मध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचे आणि चाक हळूहळू फिरवायचे. कागद सैल सुटला की तीच ठिणगीची वेळ. तेव्हा मला बोलायची परवानगी नसे.

आलेख आता सरळ आहे. नॉकची एकही नोंद नाही. उद्या पहाटे, हवा जरा थंड असताना, पुन्हा बघेन.