दोन अणूंमधलं अंतर

रेणूंची रचना शोधणाऱ्याची कारकीर्द लोक त्याच्या हाती काय लागलं यावरून मोजतात. आमच्या कामात मात्र काय असूच शकत नाही, हे ओळखणारी नजर आधी लागते. जी. एन. रामचंद्रन यांचं मद्रासमधलं काम बघा. १९५४ साली त्यांनी आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेन या प्रथिनाची तीन साखळ्यांची रचना मांडली आणि पुढच्या वर्षी त्या साखळ्यांना एकमेकींभोवती पीळही दिला. दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीनच का, याचं उत्तर त्यात होतं: मधल्या अडचणीच्या जागेत तेवढंच मावतं. केंब्रिजमधून क्रिक आणि रिच यांनी हरकत घेतली, की यात काही अणू एकमेकांच्या फारच जवळ येतात. हायड्रोजन बंधांच्या संख्येबाबत पुढे त्यांचंच म्हणणं टिकलं, हेही सांगायला हवं. पण रामचंद्रन केवळ आपल्या मॉडेलची बाजू लढवत बसले नाहीत. ‘फार जवळ’ म्हणजे नेमकं किती, हाच प्रश्न त्यांनी हाती घेतला. स्फटिकांमध्ये आधीच मोजलेली अंतरं चाळली आणि सी. रामकृष्णन, व्ही. शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशाचा पाया त्यातून घातला गेला. पेप्टाइड बंध सपाट असतो, त्यामुळे साखळीला प्रत्येक दुव्यापाशी वळायला मुख्यतः दोनच कोन उरतात, फाय आणि साय. कोनांची एकेक जोडी घ्यायची आणि अणू आदळतात का ते पाहायचं. बहुतेक जोड्या बाद झाल्या, नकाशावर मोजकीच बेटं उरली!

कुणी म्हणेल, हा तर टणक गोट्यांचा हिशेब, यात शोध कसला? हिशेबच होता, पण पुढे उलगडलेल्या प्रथिनांचे बिंदू बहुतांशी त्याच मोजक्या बेटांवर येऊन पडले. दुसरी हरकत आजची आहे: आल्फाफोल्ड हा संगणकी प्रोग्राम प्रथिनाची रचना वर्तवून देतो, मग हा जुना नकाशा कशाला? कारण वर्तवलेली रचना तपासायला तिच्याबाहेरची कसोटी लागते, आणि ही कसोटी यंत्राच्या आत्मविश्वासावर अवलंबून नाही. अर्थात ती आंधळेपणाने लावायचीही नसते. ग्लायसीनला बाजूची साखळी नसल्याने त्याला बरीच मोकळीक असते. दुसऱ्या कुठल्या अमिनो आम्लाचा बिंदू निषिद्ध भागात दिसला, तर प्रयोगातून मिळालेला इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा पुन्हा उघडावा लागतो. बहुतेकदा चूक मॉडेल बसवणाऱ्याची निघते. क्वचित मात्र साखळी खरोखरच तिथे ताण सोसून बसलेली असते.