दिल्लीचें मुक्तद्वार ग्रंथालय

दिल्लीस जाऊन आलेल्या मनुष्यास "काय काय पाहिलेंत?" असा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि त्याचें उत्तरही बहुधा ठरलेलें असतें: लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनाची कबर, राजघाट. गेल्या माघ महिन्यांत चिरंजीवांकडे दिल्लीस जाण्याचा योग आला, तेव्हां हीं सारीं स्थळें मीही यथासांग पाहिलीं. परंतु त्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. ज्या एका स्थळासाठीं मीं मुद्दाम वाट वाकडी केली, तें प्रवाशांच्या यादींत सहसा नसतें. जुन्या दिल्लीच्या रेल्वे-स्टेशनासमोरील दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय हें तें स्थळ होय.

तेथें जाण्यास एक कारण होतें, आणि तें सांगतांना मनास संकोच होतो. आमच्या गांवच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी पंचवीस वर्षें आहें. त्यांपैकीं बारा वर्षें चिटणीस होतों. कोंकणांतील जुन्या वळणाचें तें वाचनालय. कांचेच्या दारांचीं कपाटें, प्रत्येक कपाटास कुलूप, आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या स्वाधीन. अनामत व वर्गणी भरल्यावांचून पुस्तक घरीं द्यावयाचें नाहीं, हा नियम. पुस्तक हरवलें तर जाब चिटणीसास द्यावा लागे, म्हणून मी तो कसोशीनें पाळीत असें.

एके वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं माझ्याच वर्गांतील एक मुलगा आला. त्याचे वडील दुसऱ्याच्या होडीवर कामास जात. त्याला समुद्रप्रवासावरचें एक पुस्तक हवें होतें, आणि अनामतीचे पैसे त्याच्यापाशीं नव्हते. मीं त्याला नियम समजावून सांगितला. त्यानें तो निमूटपणें ऐकून घेतला, कांचेंतून पुस्तकाकडे एकवार पाहिलें, आणि तो निघून गेला. पुन्हां तो वाचनालयांत आला नाहीं. पुढल्या वर्षीं शाळेंतूनही त्याचें नांव कमी झालें. घरचें दारिद्र्य हें त्याचें खरें कारण. एका पुस्तकावर तें ओझें टाकणें वावगें होईल. तथापि विद्याधन दिल्यानें वाढतें, हें वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून देणारा शिक्षक मीच होतों आणि कपाट न उघडणारा चिटणीसही मीच.

गतवर्षीं आमच्या मंडळांतील तरुण सभासदांनीं एक ठराव आणला. मुलांस विनामूल्य सभासद करावें, आणि निदान बालविभागाच्या कपाटांचीं कुलुपें काढावीं. सर्वांत मोठा विरोध माझा! "सहा महिन्यांत कपाटें रिकामीं होतील," असें मीं भर सभेंत बजावलें. निर्णय पाडव्यानंतरच्या सभेवर गेला. निघतेवेळीं त्या तरुणांपैकीं एकजण नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, दिल्लीस जातच आहां, तर तेथलें ग्रंथालय पाहून या. मग आपण म्हणाल तसें करूं." हा टोला मला मुकाट्यानें सोसावा लागला.

दिल्लींत एके सकाळीं नातवास बरोबर घेऊन मी निघालों. सूनबाईंनीं डब्यांत पोळ्या-भाजी बांधून दिली होती. मेट्रो गाडीनें आम्हीं चांदनी चौकापर्यंत गेलों. भुयारांतून वर येतांच हातगाड्या, सायकल-रिक्षा, डोईवर ओझीं घेतलेले हमाल आणि स्टेशनाकडे धांवणारे उतारू यांच्या लोंढ्यांत सांपडलों. नातवानें माझा हात घट्ट धरला कीं मीं त्याचा, हें सांगणें कठीण. अशा गजबजाटांत ग्रंथालय असेल, यावर माझा विश्वास बसेना. शांत उपवनांत, चार वृक्षांच्या छायेंत ज्ञानमंदिर असावें, ही आपली कल्पना. हें मात्र बाजाराच्या तोंडाशीं उभें. मग मनांत आलें, कीं ज्याला वाचावयास लावावयाचें तो मनुष्य जेथून जातो येतो, तेथेंच पाणपोई हवी. डोंगरावर बांधलेल्या पाणपोईचा तहानेल्यास काय उपयोग?

या ग्रंथालयाचा जन्म मोठा विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या संहारानंतर राष्ट्राराष्ट्रांत शिक्षण, विज्ञान व संस्कृति यांच्या द्वारें सख्य वाढावें या हेतूनें १९४५ सालीं युनेस्को या संस्थेची घटना लंडन येथें मुक्रर झाली; तिचें मुख्य ठाणें पॅरिस येथें आहे. या संस्थेनें १९४९ मध्यें सार्वजनिक ग्रंथालयांविषयीं एक जाहीरनामा काढला. त्याचा मथितार्थ असा, कीं सार्वजनिक ग्रंथालय हें लोकांचें विद्यापीठ असून तें कायद्याच्या आधारानें व लोकांच्याच करांतून चालावें. आणि जात, धर्म, वय वा धंदा न पाहतां, कांहीं मोल न घेतां, तें सर्वांस खुलें असावें. पुढें १९७२, १९९४ व २०२२ या सालीं या जाहीरनाम्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या.

परंतु नुसत्या जाहीरनाम्यानें कोणाचें पोट भरत नाहीं, हें त्या संस्थेसही ठाऊक होतें. शाळेंत नवा पाठ सुरू करण्यापूर्वीं आपण जसा आदर्श पाठ घेऊन दाखवितों, तसें एक आदर्श ग्रंथालय चालवून दाखवावें असें ठरलें, आणि त्यासाठीं दिल्लीची निवड झाली. युनेस्को आणि भारत सरकार यांच्या सहकार्यानें उभारलेल्या या ग्रंथालयाचें उद्घाटन २७ ऑक्टोबर १९५१ रोजीं पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें. फाळणीनंतर सुमारें पांच लक्ष निर्वासित दिल्लींत येऊन पडले होते. अन्न, वस्त्र आणि निवारा यांचीच जेथें वाण, तेथें ग्रंथांची उठाठेव कशाला, असें कोणीही म्हटलें असतें. तरीही तें उघडलें. दिल्लीनंतर कोलंबियांतील मेदेयिन येथें १९५४ सालीं आणि नायजेरियांतील एनुगू येथें त्याच दशकाच्या अखेरीस असे प्रयोग झाले.

आंत शिरलों. वाचनकक्षांत पाय ठेवावयास जागा नव्हती. परीक्षांची तयारी करणारे तरुण वह्यांत डोकें घालून बसले होते. वर्तमानपत्रांच्या बांकांवर वृद्ध मंडळी. कोणी हिंदी वाचीत होते, कोणी उर्दू. पुस्तकांच्या मांडण्यांशीं मात्र मी थबकलों. एक गृहस्थ येत, मांडणीवरून पुस्तक काढीत, उभ्याउभ्या चाळीत, आणि आवडलें नाहीं तर दुसरें घेत. मध्यें कोणी चिटणीस नव्हता! नातवानें तर विचारलेंही नाहीं. त्यानें एक चित्रांचें पुस्तक ओढून घेतलें आणि तो खुशाल भुईवर बसला. मी सवयीनें "अरे, विचारून घे," असें म्हणालों. तो म्हणाला, "आजोबा, कुणाला विचारूं?" मजजवळ उत्तर नव्हतें.

आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु १९५१ सालीं ती धाडसाची होती. आपल्याकडे गहाळ झालेल्या पुस्तकाची किंमत ग्रंथपालाच्या पगारांतून वसूल करण्याची धास्ती असे, आणि म्हणून तो बिचारा ग्रंथांचा रक्षक होई. मध्ययुगांत युरोपांतील मठांत ग्रंथ सांखळीनें फळीस जखडून ठेवीत. आमचीं कुलुपें हीं त्या सांखळीचींच भावंडें. आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम ग्रंथरूपानें मांडले. ग्रंथाची सार्थकता जतनांत नसून उपयोगांत आहे, हा त्यांतील पहिल्याच नियमाचा आशय. दिल्लीच्या ग्रंथालयानें तें तत्त्व भर बाजारांत आचरून दाखविलें. मोकळ्या मांडण्या, मुलांसाठीं स्वतंत्र विभाग, प्रौढांसाठीं व्याख्यानें व चर्चा, आणि वस्त्यावस्त्यांतून जाणारी पुस्तकांची मोटार, असा त्याचा विस्तार झाला. १९५५ सालीं आशियांतील ग्रंथालयतज्ज्ञांची परिषदही युनेस्कोनें दिल्लीसच भरविली. इंग्लंडांतील ल्यूटन शहराचे ग्रंथपाल फ्रँक गार्डनर यांनीं या प्रयोगाचें परीक्षण केलें, आणि त्यांचा अहवाल १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. साहाय्य करून पुन्हां तपासावयास माणूस धाडावा, ही रीत मला फार आवडली. गृहपाठ देऊन वह्या न तपासणारे शिक्षक मीं पुष्कळ पाहिले आहेत.

बांकावर माझ्या शेजारीं ऐंशीच्या घरांतील एक सद्गृहस्थ बसले होते. मीं मोडक्यातोडक्या हिंदींत विचारपूस केली. त्यांचें कुटुंब फाळणींत लाहोराकडून आलेलें. वडील स्टेशनाजवळ कापडाचे तुकडे विकीत, आणि लहानपणीं हे दुपारीं येथें येऊन बसत. ते म्हणाले, "मास्टरजी, त्या दिवसांत आम्हांला जेथें तेथें कोणी ना कोणी हांकलून देई. येथें कोणी विचारलें नाहीं, कीं तूं कोण." एवढें बोलून त्यांनीं पुन्हां वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलें. मला मात्र पुढें वाचवेना. कांचेंतून पुस्तक पाहणारा तो मुलगा माझ्यापुढें उभा राहिला.

परदेशीयांनीं दिलें म्हणून हें झालें, असें कोणी समजूं नये. त्यांनीं आरंभीं द्रव्य दिलें, जाणते लोक दिले आणि कांहीं वर्षांनीं ते आपल्या वाटेनें गेले. तेव्हांपासून आजतागायत हा भार आपल्याच सरकारनें वाहिला आहे. १९५४ च्या कायद्यान्वयें देशांतील प्रकाशकांनीं आपल्या ग्रंथाची प्रत ज्या चार ग्रंथालयांस द्यावयाची, त्यांत कोलकाता, मुंबई व चेन्नई यांच्या जोडीला आज दिल्लीचें हें ग्रंथालयही आहे. म्हणजे पुण्यास छापलेल्या मराठी पुस्तकाचाही येथें हक्क आहे!

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं तर हाच मार्ग चाळीस वर्षें आधीं दाखविला होता. अमेरिकेंतील ग्रंथालयें पाहून त्यांनीं विल्यम बॉर्डन नामक तज्ज्ञास १९१० सालीं बडोद्यास आणलें. बॉर्डनसाहेब तीन वर्षें राहून परत गेले. परंतु विनामूल्य ग्रंथालयें आणि खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या ग्रंथांच्या पेट्या मागें राहिल्या, कारण राजाची इच्छा जागी होती. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालींच ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणें त्यांत ग्रंथालय-कर मात्र नाहीं. म्हणून आपलीं वाचनालयें सरकारी अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांवर चालतात, व गरिबाच्या मुलास उंबरठ्यावर थांबावें लागतें. बीज बाहेरून येऊं शकतें. पाणी मात्र घरच्यांनींच घालावें लागतें.

पाडव्यानंतर सभा भरली. मीं उठून किल्ल्यांचा जुडगा मेजावर ठेवला आणि ठरावास अनुमोदन दिलें. कारण विचारलें तेव्हां होडीवाल्याच्या मुलाची हकीकत प्रथमच चारचौघांत सांगितली. एक वर्षाच्या प्रयोगादाखल ठराव संमत झाला. सहा महिन्यांनीं मोजदाद केली, तों बालविभागांतील सात पुस्तकें मिळालीं नाहींत. माझें भाकीत अगदींच खोटें ठरलें नाहीं, हें प्रांजळपणें नमूद करतों. परंतु त्याच वेळीं मोठ्या विभागांतील कुलपांतलें एक कपाट उघडलें, तेव्हां एकोणीस पुस्तकें वाळवीनें खाल्लेलीं निघालीं. त्यांचा जाब मला कोणीही, कधींही विचारला नव्हता.

तो मुलगा आतां पस्तिशीचा असेल. कोठें आहे, ठाऊक नाहीं. सायंकाळीं बालविभागांत मुलें भुईवर वाचीत बसतात, त्यांत एखादें त्याचेंही असेल, मीं कोणासही "तूं कोणाचा?" म्हणून विचारीत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या हातीं आपल्या गांवच्या वाचनालयाची किल्ली असेल, त्यांस एवढीच विनंति, कीं दिल्लीस गेलांत तर स्टेशनासमोर घटकाभर थांबा. आणि जाणें न घडलें, तर निदान एक कपाट उघडून पाहा.