खोर फक्कानचा समुद्र आणि सातशे शेकेलची लेन्स



अरबी भाषेत खोर म्हणजे खाडी. आपण मराठीत गोदावरीचं खोरं, कृष्णेचं खोरं म्हणतो. शब्द कानाला सारखाच लागतो, पण अर्थ जरा निराळा. फक्कान म्हणजे दोन जबडे असं तिथे सांगतात. गावाचा किनारा बघितला की हे नाव पटतं. दोन्ही टोकांना डोंगर समुद्रात शिरलेले आणि मधे अर्धगोल पाणी, कुणी तोंड उघडून बसावं तसं.

दुबई, शारजा, अबू धाबी ही नावं आता सगळ्यांना ठाऊक आहेत. ती शहरं इराणच्या आखातावर, म्हणजे देशाच्या पश्चिम अंगाला. खोर फक्कान मात्र पूर्वेच्या किनाऱ्यावर, ओमानच्या आखातावर आहे. गाव शारजाच्या सत्तेखालचं, पण जमिनीवरून बाकीच्या शारजापासून तुटलेलं. पाठीशी हजर डोंगर आणि पुढे मोकळं पाणी. हेच पाणी पुढे अरबी समुद्राला मिळतं आणि अरबी समुद्र म्हणजे आपल्या कोकणचा समुद्र. आम्हांला तिथे जायचं होतं ते एवढ्यासाठीच.

इस्रायल आणि अमिरातींचा करार २०२० च्या सप्टेंबरात झाला. २०२१ च्या ऑक्टोबरपासून इस्रायली माणसाला व्हिसाही काढावा लागेना. आम्ही उभयतां २०२३ च्या जानेवारीत गेलो. निघण्याआधी दिमोनाला थोरल्या नणंदबाईंना भेटायला गेलो. त्यांचा जन्म रेवदंड्याचा, वय ८९, पाय गेलेले. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत, एवढाच त्यांचा प्रवास. त्या म्हणाल्या, "अरे, तो आपलाच समुद्र ना? मग मला अख्खा समुद्र दाखवा. आणि होडीत जाळं घेऊन बसलेला माणूसही दिसला पाहिजे. मागच्या वेळी तुम्ही आणलेत तसे मुंगीएवढे माणूस नकोत."

बोलणं साधं होतं, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने बाईंनी दोन उलट्या गोष्टी मागितल्या होत्या. अख्खा समुद्र यायचा तर लेन्स रुंद पाहिजे. लांबच्या होडीतला माणूस मोठा दिसायचा तर लेन्स लांब पाहिजे. आमच्याजवळ नातवाने वापरून दिलेला निकॉन डी ३२०० आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स. पेन्शनीतून काढलेले पैसे सातशे शेकेल. त्याच्यावर एक अगोरा नाही, असं आधीच ठरलं.

मुलांनो, हे १८ आणि ५५ काय ते आधी समजून घ्या. हे मिलिमीटरचे आकडे. आकडा लहान तेवढा देखावा रुंद दिसतो, आकडा मोठा तेवढी लांबची वस्तू जवळ येते. दुसरा आकडा एफचा. तो लेन्समधून उजेड शिरण्याच्या भोकाचा. गंमत अशी की एफचा आकडा लहान असेल तर भोक मोठं. पुष्कळांचा इथे गोंधळ होतो, पण आम्हां नर्सलोकांना हे लगेच कळतं. इंजेक्शनच्या सुईचं तसंच असतं. २४ नंबरची सुई बारीक, १८ नंबरची जाड. एफ १.८ च्या लेन्समधून एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत येतो.

नातू बेरशेव्याहून फोनवर रोज नवं नाव सांगायचा. आज ही लेन्स घ्या, उद्या ती घ्या. आम्ही म्हटलं, थांब बाबा. वॉर्डात ताप मोजल्याशिवाय औषध देत नसतात. आधी दुखणं कुठे आहे ते बघू.

फोटो काढताना लेन्स कितीवर होती हे कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर लिहून ठेवतो. कॉम्प्युटरवर ते वाचता येतं. आमचे मागच्या दोन वर्षांचे ३१२ फोटो होते: गालीलची सहल, अश्दोदचं लग्न, नातवंडांचे वाढदिवस. दोन संध्याकाळी बसून वहीत रेघा मारल्या. १८ वर काढलेले १२१. ५५ वर काढलेले १३८. मधल्या सगळ्या आकड्यांवर मिळून ५३. अंधारामुळे बिघडलेले म्हणावे असे फक्त १७.

निदान झालं. ५५ वर एवढी गर्दी म्हणजे आमचा हात पुढे जाऊ पाहतो आणि लेन्स संपते. १८ सुद्धा भरपूर वापरलेलं, म्हणजे ती बाजू सोडून चालणार नाही. अंधाराचं दुखणं किरकोळ. तुमची मोजणी वेगळी निघेल. कुणाचे फोटो सगळे घरात, दिव्याखाली, नातवंडांचे असतील आणि हललेले असतील, तर त्याला एफ १.८ ची छोटी लेन्स हवी, लांब झूम नको. शेजाऱ्याची गोळी आपण घेत नाही, तसंच हे.

तेल अवीवला जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. आता लोक आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळले आहेत, त्यामुळे आमच्यासारख्या जुन्या कॅमेऱ्यांच्या चांगल्या लेन्स वापरलेल्या आणि स्वस्त मिळतात. दुकानदाराने चार लेन्स पुढे मांडल्या.

पहिली ३५ मिलिमीटर, एफ १.८. वजन फक्त २०० ग्रॅम, भाव ४००. लग्नाच्या हॉलला उत्तम, पण झूम नाही. अख्खा समुद्रही नाही आणि होडीतला माणूसही नाही. दुसरी ७०-३००. होडी अगदी जवळ येईल, पण समुद्रासाठी दर वेळी लेन्स बदलायची. वाळू आणि खारं वारं असलेल्या किनाऱ्यावर कॅमेरा उघडा करणं म्हणजे जखम उघडी ठेवण्यासारखं. तिसरी १८-३००. बघून ह्यांचे डोळे चमकले. पण ती ८३० ग्रॅमची, भाव अकराशे. आमच्या मनगटांना संधिवात आणि पाकिटात सातशे. चौथी १८-१४०. वजन ४९०, भाव ५६०. १८ तसंच राहतं आणि पुढच्या टोकाला वस्तू ५५ पेक्षा अडीचपट मोठी दिसते. हात थरथरले तरी चित्र सावरून धरण्याची सोय तिच्यात आहे. आम्हां म्हाताऱ्यांना ही सोय फार मोलाची. कॅमेरा बॅटरीसकट ५०५ ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून किलोला पाच ग्रॅम कमी. एवढं पेलवतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लेन्स कॅमेऱ्यावर बसली म्हणजे ती चालेलच असं नाही. आमच्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्येच असावी लागते. त्या लेन्सवर एएफ-एस असं लिहिलेलं असतं. जुन्या एएफ-डी लेन्सना हाताने फोकस करावा लागतो आणि नव्या एएफ-पी लेन्स आमच्या कॅमेऱ्यावर चालतच नाहीत. म्हणून आपला कॅमेरा दुकानात घेऊन जा आणि तिथेच लावून बघा.

वापरलेली लेन्स घसा तपासावा तशी तपासायची. एका बाजूने बॅटरीचा उजेड टाकून दुसऱ्या बाजूने आत बघा. धुळीचे दोनचार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, मग लेन्स नकोच. झूमची कडी फिरवून बघा, ती अडकता नये. एक फोटो जवळचा आणि एक लांबचा काढून मोठा करून बघा. आमची लेन्स पास झाली. उरलेल्या १४० तून ६० शेकेलचा पोलरायझिंग फिल्टर घेतला, तोही वापरलेलाच. पाण्यावरची चकाकी त्याने कमी होते. ८० शेकेल परत पाकिटात.

आता प्रवासाचं. दुबईला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी गाडी करून निघालो. शारजाहून खोर फक्कानला जाणारा नवा रस्ता २०१९ साली सुरू झाला. तो ८९ किलोमीटरचा आहे आणि डोंगरातून त्याला पाच बोगदे आहेत. बोगदा आला की खंडाळ्याच्या घाटाची आठवण होते, पण बाहेर आलं की हिरवं पान नाही. तपकिरी, करडे, उघडेबोडके डोंगर, एकामागे एक. इथे नव्या लेन्सचा पहिला गुण कळला. रुंद फोटोत डोंगर बुटके दिसत होते. शंभरच्या पुढे झूम केल्यावर मागचे डोंगर पुढच्यांवर रचल्यासारखे दिसू लागले, डोळ्याला दिसत होते तसे भारी. लांब लेन्स फक्त पक्ष्यांसाठी असते असं नाही.

वाटेत रफीसा धरणाचं पाणी लागतं, डोंगरांच्या मधे हिरवंगार. पुढे गावाच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर अल सुहूब नावाचं गोल विश्रांतीगृह २०२१ साली उघडलं आहे. सुहूब म्हणजे ढग. तिथून दोन्ही जबडे एका नजरेत येतात. १८ वर लेन्स ठेवली आणि बंदर, गाव, वाळू, पलीकडचं शार्क बेट सगळं एका फोटोत मावलं. नणंदबाईंचा अर्धा हुकूम पुरा झाला.

किनाऱ्यावर लांबलचक फिरायचा रस्ता, खजुरीची झाडं आणि डोंगराच्या कडेवरून सोडलेला कृत्रिम धबधबा. त्याच्या शेजारी रोमन पद्धतीचं ३,६०० माणसं बसतील असं दगडी नाट्यगृह आहे. हे दोन्ही २०२० च्या शेवटी झालं. गावात पोर्तुगीजांचीही आठवण आहे. १५०७ साली अफोन्सो द अल्बुकर्क आरमार घेऊन आला, लोकांनी विरोध केला, त्याने गाव जाळलं. त्याच माणसाने तीन वर्षांनी, १५१० साली, गोवा घेतला. पुढे रेवदंड्यालाही पोर्तुगीजांचा कोट उभा राहिला, तो १७४० पर्यंत त्यांच्याकडे होता. एकाच समुद्रावर दोन्ही गावांनी एकच पाहुणा पाहिला!

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो. तेल अवीवलाही समुद्रातच बुडतो. खोर फक्कानला तो समुद्रातून वर येतो. जानेवारीत सूर्य जरा आग्नेयेला उगवतो आणि तिथून रेवदंडाही आग्नेयेलाच, सरळ रेघेने सुमारे १,९०० किलोमीटर. म्हणजे सूर्य जिथून वर येत होता त्याच दिशेला, पाण्यापलीकडे, आपलं गाव. आम्ही उभयतां बराच वेळ काही बोललो नाही.

मग कोळ्यांच्या होड्यांकडे गेलो. अमिरातींत परवानगीवाचून कुणाचा फोटो काढणं गुन्हा ठरू शकतो, बायकांचा तर मुळीच काढू नये. बंदराचे आणि सरकारी पहाऱ्याच्या जागांचेही काढू नयेत. लांब लेन्स हाती आली म्हणून चोरून काढायचं नसतं. एका होडीत एक म्हातारा जाळं दुरुस्त करत होता. आम्ही धक्क्यावरून हात करून हिंदीत विचारलं. तो केरळचा निघाला. हसून म्हणाला, "निकालो, माजी." त्याने पुन्हा काम सुरू केलं आणि आम्ही १४० वर लेन्स नेली. सुई, दोरा, बोटांची पेरं, सगळं दिसलं. उजेड भरपूर, म्हणून एफ ५.६ पुरलं.

लेन्सची उणी बाजूही सांगतो. जवळच फुजैराच्या हद्दीत अल बिदिया इथे १४४६ ची जुनी मशीद आहे, अमिरातींतल्या सर्वांत जुन्यांपैकी. मधे एक खांब, वर चार घुमट, आत मंद उजेड. तिथे आमची लेन्स तोकडी पडली. भिंतीला खांदा टेकवून, श्वास रोखून फोटो काढले, तरी त्यांत जरा रवा दिसतो. ३५ ची एफ १.८ असती तर बरे आले असते. पण अशी जागा सगळ्या सहलीत एकच होती आणि बाकी सगळीकडे ही लेन्स एकदाही उतरवावी लागली नाही. कमी पैशांत एकच घ्यायची तर काही तरी सोडावं लागतं. काय सोडतो आहोत ते माहीत असलं की झालं.

घरी आल्यावर दोन फोटो मोठे छापून दिमोनाला नेले. समुद्राचा फोटो नणंदबाईंनी मांडीवर ठेवला. होडीचा डोळ्यांजवळ नेऊन खूप वेळ बघितला आणि म्हणाल्या, "जाळं असंच शिवतात. डाव्या पायाच्या अंगठ्यात अडकवून." आम्ही तिथे उभे राहूनही तो अंगठा बघितला नव्हता. फोटोत बघितलं, खरंच अंगठ्यात दोरा होता.

तर मंडळी, कुणाला लेन्स घ्यायची असेल तर आधी आपले जुने फोटो मोजा. पैशांची हद्द ठरवा आणि ती दुकानात वाढवू नका. वजन हातात घेऊन बघा. उन्हाळ्यात तिकडे गेलात तर एसीतून बाहेर पडताना कॅमेरा पिशवीत बंद ठेवा आणि हवेशी जुळला की काढा, नाहीतर काचेवर घाम येतो. आणि मुलांनो, सहलीला निघण्याआधी घरात ज्यांना चालवत नाही त्यांच्याकडे जाऊन विचारा, तुम्हांला काय बघायचं आहे? ते कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दुकानात घेऊन जा.