सोटा खाली येईपर्यंत

शनिवार, ११ जून २०२२
आज मार्गिटनं सतरा वेळा मारलं. ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममध्ये स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवरच्या पुलावर हा राखण करतो. पहिली चार मरणं तर मिनिटभराच्या आतली. तो सोटा डोक्यामागं नेतो आणि तिथंच धरून ठेवतो. शत्रूचं शस्त्र वर गेलं की रोल करायचा, ही माझ्या बोटांची जुनी सवय. मी लोळतो, उठतो आणि मग सोटा येतो. रोलमध्ये अंगाला काही लागत नाही तो वेळ अर्ध्या सेकंदाहून कमी. तो मी दर वेळी आधीच खर्च करून बसतो.

रविवार, १२ जून
धाकटी मागं बसून बघत होती. म्हणाली, “दादा, तू त्याच्याकडं बघतच नाहीस. तुझी नजर तुझ्याच माणसावर असते.”

तासभर एकही वार केला नाही, नुसता चुकवत राहिलो. सोटा सुटण्याआधी त्याचं अंग पुढं झुकतं. मी हेल्थ भरायची बाटली तोंडाला लावली की बरेचदा सोनेरी सुरी येते, म्हणजे लांब पळून प्यायलो तरी सुटका नाही. इतका वेळ हे सगळं तो दाखवतच होता. मेलो तरी राग आला नाही. प्रत्येक मरणात चूक कुठं झाली ते बोट ठेवून सांगता येत होतं.

मंगळवार, १४ जून
आज पुलावर गेलोच नाही. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात भटकलो. तिथल्या पडक्या चर्चांमधले दोन सेक्रेड टिअर मिळाले, आता बाटलीच्या एका घोटात जास्त हेल्थ भरते. जड चिलखतही उतरवलं. वजन ७० टक्क्यांच्या वर गेलं की रोल पोत्यासारखा पडतो.

कित्येक खेळांत ‘हार्ड’ निवडलं की शत्रूची हेल्थ फुगते, एवढंच. तेच वार जास्त वेळ करायचे. त्याला मी अवघड म्हणत नाही, ते कंटाळवाणं. दिग्दर्शक मियाझाकींच्या या खेळात ‘ईझी’ नाही, पण वाटा आहेत: आधी दुसरीकडं फिरा, लेव्हल वाढवा, लांडग्यांचे आत्मे सोबतीला बोलवा. लांडगे घेऊन जिंकणाऱ्याला कमी लेखणारे मला पटत नाहीत. सोटा त्यालाही वाचावाच लागतो.

शनिवार, १८ जून
रात्री पावणेबारा. निम्मी हेल्थ गेल्यावर तो सोनेरी हातोडा काढतो, तिथं आज दोनदा मेलो. तिसऱ्यांदा बाटल्या संपल्या होत्या. सोटा वर गेला. अंगठा बटणावर, पण दाबला नाही. तो झुकला, मी त्याच्याच अंगावर रोल केला, सोटा पाठीमागं आपटला. दोन वार. मग पुन्हा थांबलो, पुन्हा दोन.

तो विरून गेला. १२,००० रून मिळाले. हात इतके थरथरत होते की कंट्रोलर गादीवर ठेवला आणि धाकटीला उठवलं.

“बघत होतास ना त्याच्याकडं?” डोळे चोळत तिनं विचारलं.