जरा चांगलेसे हॉटेल

प्रवासात राहायची खोली निवडणे सोपे असते. दिवा लागतो का, नळाला पाणी येते का आणि चादर धुतलेली आहे का, एवढे पाहिले की माणसे निजायला मोकळी. पण त्याच प्रवासात 'आज रात्री जरा चांगलेसे हॉटेल पाहू' असे कुणी म्हटले, की सुखाने नांदणाऱ्या कुटुंबात एकाएकी पक्ष पडतात. यातला 'जरा' हा शब्द फार फसवा आहे. गृहिणीच्या लेखी त्याचा अर्थ स्वच्छ, मुलांच्या लेखी थंडगार आणि झगमगीत, तर पैसे देणाऱ्याच्या लेखी फार महाग नव्हे असा होतो. घरातले म्हातारे माणूस अर्थाच्या भानगडीत पडतच नाही. ते विचारते, "कामून रे? घरी काय कमी आहे?"

आम्ही लातूरची माणसे. आमच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, पण आमच्या घरातल्या पाच जणांची मते कुठल्याच चौकात मिळत नाहीत. आईला पंच्याहत्तरावे लागले तेव्हा तिने समारंभ करू दिला नाही. "नांदेडचा गुरुद्वारा एकदा दाखव," एवढेच म्हणाली. म्हणून अहमदपूर, लोहा अशी गावे मागे टाकीत आम्ही गोदाकाठी आलो. दुपारी सचखंड श्री हुजूर साहिबचे दर्शन झाले आणि लंगरमध्ये जेवणही झाले. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली जिथे देह ठेवला, त्या जागी आजही रोज हजारो माणसे एका रांगेत जमिनीवर बसून जेवतात. त्या रांगेला पंजाबीतही 'पंगत'च म्हणतात, हे कळल्यावर आईला फार आनंद झाला. "म्हणजे आपल्यातलेच की!" ती म्हणाली. पंगतीत निवड नसते, किंमत नसते, आणि मोठ्याला वेगळा पाट नसतो.

रात्रीच्या जेवणाला मात्र निवड आली. मुलीने फोनवर कोणत्या हॉटेलला किती चांदण्या आहेत ते वाचायला सुरुवात केली. मुलाला रोषणाई हवी होती. सौभाग्यवतींनी एकच अट घातली, "अहो, हात धुवायची जागा आधी पाहून या." रिक्षावाल्याला विचारले, तर तो म्हणाला, "बिर्याणी खायची असेल तर वेगळं सांगतो साहेब. फॅमिली असेल तर वेगळं." तेलंगणाच्या वेशीवरल्या या शहरात बिर्याणीला तोटा नाही. पण आमची गाडी 'फॅमिली' या शब्दावर अडली. मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली, तरी या शब्दाला मला मराठी प्रतिशब्द सापडलेला नाही. 'कुटुंब' म्हणून भागत नाही. आपल्याकडच्या हॉटेलांत पूर्वी पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असे. बायकांनी चारचौघांत जेवायचे म्हणजे आडोसा हवा, अशी ती समजूत. पुढे पडदे गेले, पण पाटीवरचा शब्द राहिला. 'इथे बायकामुलांनी बिनघोर यावे' एवढा सगळा मजकूर त्या एका शब्दात मावतो.

शेवटी चांदण्या, रोषणाई आणि हात धुवायची जागा या तिन्ही परीक्षांत उतरलेले एक हॉटेल ठरले. दार उघडायला दरवान, आत मंद उजेड, मऊ खुर्च्या. मेनूकार्ड तर आमच्या लग्नातल्या अल्बमएवढे! आमचे आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. ती लिपी उजवीकडून वाचावी लागते. मला ती येत नाही, पण मेनूकार्ड मी उजवीकडूनच वाचतो. उजवीकडच्या आकड्याने धीर दिला, तरच डावीकडचा पदार्थ पाहायचा!

'रेस्टॉरंट' हा शब्द मुळात फ्रेंच. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आधी तो एका कढणाला लावीत असत. अशक्त माणसाला तरतरी आणणारे कढण, म्हणजे आपल्याकडे आजाऱ्याला पेज देतात तसलाच प्रकार. पुढे ते कढण जिथे मिळे त्या जागेलाच ते नाव पडले. त्या जागांनी जगाला दिलेली खरी नवलाई होती ती निवडीची. सगळ्यांनी एका वेळी एकच अन्न खायचे, हा खाणावळीचा शिरस्ता तिथे मोडला. ज्याने त्याने आपल्या टेबलाशी बसून आपल्याला हवे ते मागायचे.

इतक्यात वाढपी पाण्याची सुरई घेऊन आला. ग्लास चार बोटे रिकामा झाला की तो भरी, आणि अर्धा राहिलेला ग्लास उचलून नवा ठेवी. आईने दोनदा पाहिले आणि तिसऱ्यांदा ग्लासावर हात ठेवला. "राहू दे बाळा, प्यायचं राहिलंय अजून." मुले हसली नाहीत. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली, तेव्हा ती लहान होती, पण घागरी मोजलेल्या त्यांना आठवतात. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ज्या शहराने रुळांवरून आलेले पाणी प्यायले, त्या शहरातल्या माणसाला अर्धा ग्लास ओतून दिलेला बघवत नाही.

मग त्या वाढप्याने वही काढली आणि सगळ्यांना सोडून आधी आईकडे वळून विचारले, "आजी, तुम्हाला काय आणू?"

आई गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिले, सुनेकडे पाहिले. आमच्या घरी आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग बायकांची, आणि त्या बायकांतही आई शेवटची. तिला काय आवडते, हे आम्हांला सांगता आले नसते. उरलेले तिला आवडते, असेच आम्ही धरून चाललो होतो. टेबलावर क्षणभर कुणी बोलेना. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "सांगा ना आई, तुम्हाला काय खावंसं वाटतंय?"

"गरम पोळी मिळंल का?" आईने विचारले. "तव्यावरून थेट ताटात. एक खाऊन झाली की दुसरी."

त्या पानभर पदार्थांतून तिने हे मागितले! पन्नास वर्षे तिने हेच सगळ्यांना वाढले होते, आणि स्वतः मात्र टोपल्यातली गार भाकरी खाल्ली होती. वाढपी शहाणा होता. त्याने एकेक पोळी आणली, तुपाचे बोट लावून. तिने तीन खाल्ल्या. बिलात प्रत्येक पोळीपुढे जो आकडा होता, तो पाहिला तर आईने ताटावरून उठून वाद घातला असता. मी तो घडी करून खिशात ठेवला.

पंगतीचा मोठेपणा असा की तिथे कुणालाच वेगळे विचारीत नाहीत. लहानथोर सगळे सारखे. चांगल्या हॉटेलाचा मोठेपणा याच्या नेमका उलट. तिथे प्रत्येकाला वेगळे विचारतात. जन्मभर पंगत वाढणाऱ्या बाईच्या वाट्याला यातली पहिली गोष्ट कधी ना कधी येते. दुसरी मात्र बहुधा कुणीतरी मुद्दाम घडवून आणावी लागते. घरी ती घडवायला पैसे पडत नाहीत. फक्त तव्याशी दुसरे कुणीतरी उभे राहावे लागते. आमच्याकडे आता रविवारी सकाळी मुलगा उभा राहतो. त्याच्या पोळ्यांना अजून मराठवाड्याच्या नकाशाचा आकार येतो, पण त्या गरम असतात.

आईलाही आता विचारले जाण्याची सवय लागली आहे आणि तिला मते फुटली आहेत. परवा शेजारणीने नांदेडच्या त्या हॉटेलाबद्दल चौकशी केली. आई गंभीरपणे म्हणाली, "चांगलं हाय. पोळी जरा जाड करतेत, तेवढं आधी सांगून ठेवा."